पहिली दहा मतं

मागच्या अंकात ऑनलाइन ग्रुपमधल्या वादावादीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि म्हटलं होतं की प्रश्न असतील तर पाठवा. पाठवलेत, भरपूर पाठवलेत. वाचताना लक्षात आलं की बहुतेकांचं दुखणं एकच आहे, आपण मनापासून काहीतरी लिहितो आणि मग ते वर जाणार की खाली, राहणार की उडणार, हे नक्की कोण ठरवतं तेच कळत नाही. (अशा ग्रुपवर वाचणारे बटण दाबून प्रत्येक पोस्टला आणि कमेंटला वर किंवा खाली मत देतात, आणि त्या मतांवरून कोण वर दिसणार ते ठरतं.) मी स्वतः सायकल दुरुस्तीच्या एका ऑनलाइन ग्रुपची सहा वर्षं मॉडरेटर आहे, म्हणजे रिपोर्ट झालेल्या कमेंट बघायच्या, काय ठेवायचं काय काढायचं ते ठरवायचं आणि वर बोलणीही ऐकायची, हे माझं रोजचं. त्यामुळे उत्तरं बरीचशी तिथूनच आली आहेत. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : मी एका ग्रुपवर अर्धा तास खपून, फोटो काढून, त्यावर बाण दाखवून एक उत्तर लिहिलं. दोन मतं मिळाली. माझ्या वर एका ओळीचा विनोद होता, त्याला साठच्या वर. लोकांना खरं उत्तर नकोच असतं का?

उत्तर : नको असतं असं नाही हो. तुम्ही अर्धा तास खपलात म्हणता ना, म्हणजे तुमचं उत्तर निदान अर्ध्या तासाने पडलं, आणि खरी गोम तिथेच आहे.

आमच्याकडचा एक थ्रेड सांगते, तो माझ्या डोक्यातून अजून जात नाही. एकाने विचारलं की डिस्क ब्रेक दाबला की किंचाळतो, काय करू. चौथ्या मिनिटाला उत्तर आलं, "थोडं तेल सोड, गप्प बसेल." लिहिणाऱ्याने गंमत म्हणून लिहिलं होतं, नंतर त्यानेच तसं सांगितलं. दहा मिनिटांत त्याला सहा मतं, विसाव्या मिनिटाला चौदा. पस्तिसाव्या मिनिटाला आमच्या एका जुन्या मेकॅनिक सदस्याने लिहिलं की तेल अजिबात लावू नका, पॅडमध्ये तेल मुरलं की ब्रेक धरत नाही, मग पॅडच बदलावे लागतात, आधी डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड सरळ बसलेत का बघा, डिस्क कुठे वाकलीय का बघा. एक शब्द चुकीचा नाही. पण तोवर तेलवाला वर जाऊन बसलेला, आणि फोनच्या स्क्रीनवर एका वेळी मावतात किती उत्तरं, दोन, फार तर तीन. रात्री मी बघितलं तेव्हा तेलवाला एकतीसवर होता, मेकॅनिक चारवर, आणि विचारणाऱ्याने खाली लिहिलेलं, "थँक्स, उद्या तेल घालून बघतो." माझ्या पोटात गोळाच आला. ती कमेंट मी काढली, मेकॅनिकचं उत्तर वर पिन केलं आणि त्या माणसाला वेगळा मेसेज टाकला. नशीब, त्याने तोवर तेल घातलं नव्हतं.

आता त्या एकतीस जणांपैकी एकालाही कुणाचा ब्रेक निकामी व्हावा असं वाटत नव्हतं. कुणाला हसू आलं म्हणून बटण दाबलं, कुणी वर दिसलं म्हणून दाबलं, कुणाला खरंच पटलं. आपल्या मनातली ही तीन वेगळी कारणं मोजणाऱ्या यंत्राला एकच दिसतात, प्रत्येकी अधिक एक.

आणि "वर दिसलं म्हणून दाबलं" हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या तिघा संशोधकांनी एका बातम्यांच्या साइटवर पाच महिने प्रयोग केला, तो २०१३ साली सायन्स या नियतकालिकात आला. १,०१,२८१ कमेंट घेतल्या. काहींना पडल्या पडल्या मुद्दाम एक खोटं वर मत दिलं, काहींना एक खोटं खाली मत दिलं आणि बाकीच्या तशाच ठेवल्या. कोणत्या कमेंटला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, चांगली-वाईट बघून नाही. तर ज्या कमेंटला ते एक फुकटचं वर मत मिळालं, तिला पुढचा बघणारा वर मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी तिचा सरासरी आकडा २५ टक्क्यांनी जास्त निघाला. एका मताने! उलट ज्यांना खोटं खाली मत दिलं होतं त्यांना पुढच्या लोकांनी सावरून घेतलं, म्हणजे कुणावर अन्याय झालेला दिसला तर लोक उचलून धरतात, पण एखाद्याला उगाच डोक्यावर घेतलेलं असलं तर खाली उतरवायला कुणी जात नाही. मला यातला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीचा सल्ला पसरतो तो याच वाटेने.

यात भर टाकते ती क्रमवारी लावायची रीत. रेडिट या चर्चांच्या मोठ्या साइटचा कोड २००८ ते २०१७ सगळ्यांना बघायला खुला होता, त्यामुळे पोस्ट वर-खाली करायचा त्यांचा तेव्हाचा हिशोब लोकांना माहीत आहे. त्यात मतं सरळ मोजत नाहीत, दहाच्या पटीत मोजतात. म्हणजे पहिल्या दहा मतांनी पोस्ट जितकी वर चढते, तितकंच पुन्हा चढायला पुढची नव्वद लागतात, त्यापुढे नऊशे. आणि वेळेचं गणित असं की दर साडेबारा तासांना एक पायरी, म्हणजे शंभर मतांची जुनी पोस्ट आणि तिच्यानंतर साडेबारा तासांनी आलेली दहा मतांची पोस्ट एकाच ओळीत उभ्या. यात लबाडी काही नाही, ताजं वर यावं म्हणूनच ते केलंय. पण यामुळे पहिली दहा मतं फार महाग होतात आणि ती मिळतात कुणाला, तर जे पटकन वाचून होतं, पटकन पटतं, पटकन हसवतं त्याला. फोटोवर बाण काढत बसलेल्या माणसाला नाही.

मग करायचं काय, तर आधी दोन ओळींत नेमकं उत्तर टाकून मोकळे व्हा, "सविस्तर लिहितोय, फोटो टाकतोय" असं खाली लिहा आणि मग तीच कमेंट एडिट करून वाढवा. आणि वर बसलेलं उत्तर धोक्याचं असेल तर खाली वेगळं उत्तर लिहून थांबू नका, त्याच उत्तराला रिप्लाय देऊन "हे करू नका, कारण असं" लिहा. वाचणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात आहे, प्रोग्रॅमिंग शिकतोय. एका ठिकाणी पहिल्यांदाच प्रश्न विचारला तर वजा नऊ. कुणी एक शब्द बोललं नाही, नुसतं खाली खाली. डिलीट करून टाकला. परत विचारायची हिंमतच होत नाहीये.

उत्तर : तुझं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं रे. वजा नऊ म्हणजे नऊ जणांनी तुला मूर्ख म्हटलं असं तुझ्या मनाने घेतलंय, पण तसं काही झालेलं नाही. खाली मताचा अर्थ नक्की काय हे ठरलेलंच नसतं. हे आधी विचारून झालंय, हा या जागेचा विषय नाही, यात माहिती अपुरी आहे, मला पटत नाही, आधीच वजा दिसतंय म्हणून माझंही एक, हे सगळं त्या एका बाणात कोंबलेलं असतं. आणि ज्याला ते मिळतं तो त्यातला सगळ्यात वाईट अर्थ उचलतो, माणूस आहे, उचलणारच.

चेंग, दानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि लेस्कोव्हेक यांनी २०१४ मध्ये चार साइटवरच्या कमेंट तपासल्या होत्या. त्यांना असं दिसलं की खाली मतं मिळालेला माणूस त्यातून शिकून सुधारत नाही, उलट तो जास्त लिहायला लागतो, आधीपेक्षा वाईट लिहायला लागतो आणि वर दुसऱ्यांना खाली मतं द्यायला लागतो. एकाचं दुखणं असं दहा जणांना लागतं. आणि ग्रुप सोडून जाणाऱ्यांत पुढे कोण, तर ज्यांना काहीच मिळालं नाही ते, ना वर ना खाली. माणसाला बोलणी खाल्लेली चालतात पण कुणी बघितलंच नाही हे चालत नाही, असंच म्हणायचं ना मग याला. हे वाचल्यापासून मी आमच्या ग्रुपवर एक सवय लावून घेतलीय, रोज रात्री झोपण्याआधी उत्तर न मिळालेल्या नव्या लोकांच्या पोस्ट काढायच्या आणि दोघा-तिघांना तरी काहीतरी लिहायचं. उत्तर माहीत नसलं तर "मागच्या चाकाचा फोटो टाकता का, म्हणजे सांगता येईल कुणाला" एवढं तरी.

खाली मत फुकट असू नये हे बऱ्याच ठिकाणी ओळखलंय. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर वर मत द्यायला आपण कमावलेले १५ गुण लागतात आणि खाली द्यायला १२५, शिवाय कुणाच्या उत्तराला खाली मत दिलं की देणाऱ्याचा स्वतःचाही एक गुण जातो. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चांच्या साइटवर ५०० कर्मा, म्हणजे तिथले गुण, झाल्याशिवाय कमेंटला खाली मत देताच येत नाही. स्लॅशडॉट तर तंत्रज्ञानाच्या बातम्यांची १९९७ पासूनची जागा, तिथे नुसतं वर-खाली नाहीच, कारण निवडावं लागतं, मार्मिक, माहितीपूर्ण, विनोदी, भडकाऊ, विषय सोडून वगैरे. आकडा वजा एक ते पाच एवढ्यातच फिरतो. मतं द्यायचा अधिकारही सगळ्यांना सतत नसतो, अधूनमधून काही सदस्यांना मोजकी मतं मिळतात आणि ज्या चर्चेत तुम्ही मत दिलं त्यात तुम्ही स्वतः बोलायचं नाही. आणि दिलेली मतं रास्त होती का, हे दुसरे सदस्य तपासणार. मला ही रीत आजही सगळ्यात समंजस वाटते. "विषय सोडून" असं लिहून आलं असतं तर तुला निदान कळलं असतं की प्रश्न वाईट नव्हता, जागा चुकली.

आता तुझं. परत विचार. विचारण्याआधी त्याच जागेवरचे चांगली मतं मिळालेले चार-पाच प्रश्न वाच आणि ते लोक काय काय देतात ते बघ, बहुतेक वेळा काय करून बघितलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं हे तिन्ही लिहिलेलं असतं, कोड कापून अगदी छोटा केलेला असतो. आणि पुन्हा वजा यायला लागलं तर डिलीट करू नकोस, खाली एवढंच लिही, "काय कमी आहे सांगाल का, दुरुस्त करतो." तो वर सांगितलेला प्रयोग आठव, अन्याय दिसला की सावरणारे लोक असतात. फक्त त्यांना दिसायला पोस्ट जागेवर हवी.

प्रश्न : एका मोठ्या ग्रुपचा मॉड आहे, आम्ही चौघं आहोत, पगार वगैरे काही नाही. काहीही काढलं की "मुस्कटदाबी" म्हणून आरडाओरडा. आता आमच्यातलाच एक म्हणतोय की आपण काही काढूच नये, लोकांना मतं देऊ दे, वाईट आपोआप खाली जाईल. तुमचं काय म्हणणं?

उत्तर : माझं म्हणणं तुमच्या त्या मित्राला आवडणार नाही, पण मी हा प्रयोग करून बसलेय. आमच्याकडे तीन आठवडे आम्ही हात आखडता घेतला होता, नुसतं स्पॅम काढायचं, बाकी मतांवर सोडायचं. पहिला आठवडा बरा गेला. मग एका सदस्याने दुसऱ्या सदस्याचा राहता पत्ता कमेंटमध्ये टाकला, भांडणात. त्या कमेंटला पटापट खाली मतं पडली, सगळ्यांनी आपलं काम चोख केलं, वजा वीसच्या खाली जाऊन ती दुमडलीसुद्धा गेली. पण "दाखवा" वर टिचकी मारली की पत्ता तिथेच! आणि खाली गेलेली, दुमडलेली कमेंट लोक हमखास उघडून बघतात, काय एवढं लिहिलंय म्हणून. ज्याचा पत्ता होता त्याने मला रात्री फोन केला तेव्हा तो घाबरून बोलतही नव्हता नीट.

म्हणून सांगते, मतं फक्त जागा ठरवतात, आधी काय वाचायचं आणि नंतर काय. एखादी गोष्ट तिथे असावी की असूच नये, हे मतांनी ठरत नाही आणि ठरवूही नये. खासगी माहिती, धमक्या, एखाद्याच्या मागे टोळीने लागणं, जिवाला धोका होईल असा सल्ला, यासाठी कुणीतरी माणूसच लागतो, आणि तो वेळेवर लागतो. शिवाय मतं बाहेरून आणता येतात. दुसऱ्या ग्रुपवर लिंक टाकली, "जरा जाऊन बघा या लोकांना" म्हटलं, की तासाभरात दोनशे अनोळखी लोक येऊन तुमच्या ग्रुपचं मत बदलून जातात, ज्यांनी तिथे आयुष्यात एक ओळ लिहिलेली नसते. मग ते ग्रुपचं मत कसलं?

आणि वाईट आपोआप खाली जातं हे गृहीतही पूर्ण खरं नाही. त्याच चेंग यांचा आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा दुसरा अभ्यास आहे, त्यात साध्या लोकांवर प्रयोग केला. माणसाचा मूड खराब असला किंवा त्याला आधी दुसऱ्यांच्या भडकाऊ कमेंट दिसल्या, की तोही तसं लिहिण्याची शक्यता वाढते, आणि दोन्ही एकदम असलं की दुप्पट होते. म्हणजे भांडखोर ही वेगळी जमात नसते, वर पडलेल्या दोन घाणेरड्या कमेंट तिसऱ्याला घडवतात. त्या मतांनी खाली जाईपर्यंतच्या अर्ध्या तासात हे होऊन गेलेलं असतं.

आता आरडाओरड्याचं. लोक चिडतात ते काढल्याबद्दल कमी आणि न सांगता काढल्याबद्दल जास्त, असा माझा अनुभव. पहिल्या वर्षी मी एका बाईंचा थ्रेड बंद केला होता, गिअर कुठला चांगला यावरून जुंपलेली, मला झोप येत होती, मी कुलूप घातलं आणि झोपले. कारण लिहिलं नाही. सकाळी त्यांचा निरोप होता, "माझं काय चुकलं ते तरी सांगायचं होतं", आणि त्या ग्रुप सोडून गेल्या होत्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, भांडत दुसरेच होते. चाकांच्या स्पोकबद्दल त्यांच्याइतकं कळणारं आमच्याकडे आजतागायत कुणी आलेलं नाही. तेव्हापासून नियम, काढलं की एक ओळ लिहायची, कुठला नियम, काय बदललं तर पुन्हा टाकता येईल. रेडिटवरच्या काढलेल्या पोस्टचा अभ्यास झालाय, २०१९ मधला, त्यातही हेच निघालं की काढताना कारण दिलेल्या लोकांच्या पुढच्या पोस्ट काढाव्या लागायची शक्यता कमी होते. आणि कारण माणसाने न लिहिता बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, लिहिलं तरी उपयोग होतो, तेव्हा चौघांना झेपणार नाही ही सबब चालणार नाही, ठराविक मजकूर करून ठेवा.

नियम दिसतील असे लावा, हेही त्यातलंच. नेथन मटायस यांनी रेडिटच्या विज्ञानाच्या ग्रुपवर २९ दिवस प्रयोग केला, १ कोटी ३० लाखांवर सदस्य असलेला ग्रुप. काही चर्चांच्या डोक्यावर नियम चिकटवले, काहींवर नाही. जिथे नियम दिसत होते तिथे नव्या माणसांचं नियम पाळण्याचं प्रमाण शंभरात आठांहून जास्तने वाढलं, आणि नवे लोक घाबरून गप्प बसले म्हणाल तर नाही, नव्यांचं बोलणं सरासरी ७० टक्क्यांनी वाढलं! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप आनंद झाला होता. नियम बघून लोक पळतात असं सगळे सांगत होते मला. पण जरा विचार करा, अनोळखी घरात शिरताना चपला कुठे काढायच्या ते कुणी सांगितलं तर आपल्याला हायसंच वाटतं की नाही.

एक मात्र ऐका. तुम्ही चौघं बिनपगारी आहात, रोज घाण बघताय. २०२३ च्या जूनमध्ये रेडिटवरच्या अशाच बिनपगारी मॉडनी कंपनीने बाहेरच्या ॲपना लावलेल्या नव्या दरांच्या निषेधात हजारो ग्रुप एकदम बंद ठेवले, तेव्हा कुठे लोकांना दिसलं की ही सगळी जागा कोण झाडत होतं. तेव्हा पाळ्या लावा, रात्रीचे निर्णय शक्यतो सकाळवर ढकला, आणि ज्याच्याशी आपलं स्वतःचं भांडण झालंय त्याची कमेंट आपण काढायची नाही, दुसऱ्याला सांगायची. हे शेवटचं लिहून ठेवा कुठेतरी, कारण त्या क्षणी आठवत नाही.

प्रश्न : मतांचे आकडे लपवावेत का?

उत्तर : सुरुवातीचे काही तास, हो. हॅकर न्यूजने कमेंटचे आकडे २०११ मध्ये लपवले, लिहिणाऱ्याला स्वतःचे दिसतात, इतरांना नाही. रेडिटवर ग्रुपच्या मॉडना पहिले काही तास आकडा झाकता येतो. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा लोकांना दाखवणं बंद केलं, ठरवून कुणाच्या तरी व्हिडिओवर तुटून पडणं कमी व्हावं म्हणून. पण तिथे मला ते पटत नाही, कारण दुरुस्तीचा चुकीचा व्हिडिओ ओळखायला तो आकडा आम्हाला फार उपयोगी पडायचा. मत झाकायचं ते प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून, कायमचं गाडायचं नाही. दिवसभराने उघडा.

प्रश्न : आम्ही तीनेकशे लोकांचा ग्रुप सुरू करतोय, एका आजारावर उपचार घेणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. ॲपमध्ये मतांची सोय आहे. ठेवू का? आणि वेगळं मत असणाऱ्याचं काय करायचं, आत्ताच दोन तट दिसतायत.

उत्तर : तीनशे लोकांत रोज बोलणारे वीस-पंचवीस असतील. एवढ्यांत मतं मोजून काय हाती लागणार? एका पोस्टला तीन मतं, दुसरीला पाच, यात फरक काय, दोघं जण जेवायला उठले होते एवढाच.

थोड्या मतांवर भरवसा किती ठेवायचा याचं एक जुनं गणित आहे, एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेलं, आणि २००९ मध्ये रेडिटने कमेंटच्या 'बेस्ट' क्रमवारीसाठी तेच घेतलं. विचार साधा आहे, आत्ता मिळालेली मतं हा नमुना समजायचा आणि सगळ्यांनी मत दिलं असतं तर वर मतांचं प्रमाण कमीत कमी किती निघालं असतं ते विचारायचं. ९५ टक्के खात्रीने हिशोब केला तर एकातलं एक वर मत म्हणजे शंभर टक्के वाटतं, पण त्याची किंमत निघते जेमतेम २१ टक्के. दहापैकी दहा, ७२. आणि पन्नासपैकी पंचेचाळीस, म्हणजे पाच जण नाही म्हणालेत तरी, ७९, दहापैकी दहाच्याही वर. तुमच्याकडे पन्नास मतं कधी पडणारच नाहीत, त्यामुळे तुमचा प्रत्येक आकडा त्या पहिल्या उदाहरणाच्या जवळचा असणार. मतं बंद ठेवा, जे आधी आलं ते आधी अशी साधी वेळेनुसार मांडणी ठेवा. आजारपणाच्या ग्रुपवर तर नक्कीच. कुणी रात्री दोनला "आज रिपोर्ट आला, चांगला नाही" असं लिहितं आणि सकाळी त्याच्या शेजारी एक हा आकडा दिसतो, हे मला तुमच्या लोकांच्या वाट्याला येऊ द्यायचं नाहीये.

मतांऐवजी "मला उपयोग झाला" एवढं एकच बटण ठेवता आलं तर ठेवा, खाली जाणारं बटण नको. उपचारांबद्दलचं चांगलं उत्तर मॉडने वेगळ्या जागी साठवून ठेवायचं, आणि "डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करा किंवा डोस बदला" असं सांगणारी कमेंट काढायची, कारण लिहून, दर वेळी, लिहिणारा कितीही जुना आणि लाडका असला तरी. हा नियम पहिल्या दिवशी डोक्यावर लावा.

दोन तटांचं म्हणाल तर बहुमताने मिटवायला जाऊ नका. शंभरातले साठ एका बाजूला असले की प्रत्येक थ्रेडमध्ये तेच साठ वर आणि चाळीस खाली, असं चार वेळा झालं की चाळीस बोलायचे बंद होतात, आणि मग साठ जणांना वाटतं की सगळे आपल्यासारखेच आहेत. यावर एक वेगळी युक्ती २०२१ पासून वापरात आहे, ट्विटरने (आताचं एक्स) बर्डवॉच नावाने सुरू केलेली, आता तिला कम्युनिटी नोट्स म्हणतात. दिशाभूल करणाऱ्या पोस्टवर सदस्यच खुलाशाची टीप लिहितात. तिथे एखादी टीप नुसती जास्त मतं मिळाली म्हणून सगळ्यांना दाखवत नाहीत. एरवी ज्यांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत अशा दोन्हीकडच्या लोकांनी ती उपयोगी म्हटली तरच ती पुढे येते. त्यातही त्रुटी आहेत, टीप यायला उशीर होतो आणि तोवर मूळ पोस्ट गावभर झालेली असते. पण विचार मला मोलाचा वाटतो, कुणी मत दिलं हे बघायचं, किती हे नंतर.

तुम्हाला त्यासाठी अल्गोरिदम नको. दोन्ही तटांतून एकेक मॉड घ्या, आणि एखादी वादाची कमेंट काढायची तर दोघांनी हो म्हटल्याशिवाय काढायची नाही, फक्त धोक्याच्या सल्ल्याला आणि खासगी माहितीला हे लागू नाही, ती जो आधी बघेल त्याने काढावी. दोघांत सतत भांडणं होतील पहिल्या महिन्यात, होऊ दे. आमच्याकडे असे दोघं होते, रिम ब्रेकवाला आणि डिस्क ब्रेकवाला, सहा आठवडे एकमेकांना धड नमस्कार करत नव्हते, आणि आता एखाद्या कमेंटवर ते दोघं एकदम "काढा" म्हणाले की मी वाचतसुद्धा नाही, काढते. कारणाची ओळ तेवढी लिहिते.